नशेचे पदार्थ कायदेशीर करायचे, म्हणजे नेमकं काय करायचं?

अमली पदार्थ कायदेशीर करावेत का, यावर दोन माणसं वाद घालू लागली की बहुतेक वेळा ती एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. एकाच्या डोळ्यांसमोर शनिवारी रात्री घरात बसून गांजा ओढणारा नोकरदार असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर फुटपाथवर सुई टोचून घेऊन पडलेला गर्दुल्ला. एकाच्या लेखी कायदेशीर म्हणजे ओढणाऱ्याला तुरुंगात न टाकणं, तर दुसऱ्याला दुकानात ओळीने मांडलेली रंगीत पाकिटं दिसत असतात. तासभर भांडण होतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून आधी जगात कोणकोणत्या पद्धती चालू आहेत ते पाहू. एका टोकाला सिंगापूर आहे. तिथे १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनची किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी केली तर फाशी होऊ शकते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली काही राज्यं आहेत. तिथे गांजाची दुकानं, ब्रँड, सवलती, जाहिराती सगळं आहे. या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या येतात. पोर्तुगालमध्ये स्वतःपुरता माल जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा नाही, विकणं मात्र आहे. स्वित्झर्लंडमध्ये अगदी जुन्या व्यसनी लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुद्द हेरॉइन दिलं जातं. उरुग्वेमध्ये गांजा औषधाच्या दुकानातून, नोंदणी करून, ठरावीक प्रमाणात मिळतो.

आणि मग नेदरलँड्स. तिथल्या ‘कॉफीशॉप’मध्ये गिऱ्हाइकाला थोडा गांजा (आता ५ ग्रॅमपर्यंत) विकण्याकडे १९७०च्या दशकापासून काणाडोळा केला जातो, पण दुकानदाराने तो घाऊक विकत घेणं बेकायदाच राहिलं. म्हणजे पुढच्या दाराने विक्री चालते आणि मागच्या दाराने गुन्हेगार माल आणून टाकतात. कायदेशीर पिकवलेला गांजा या दुकानांना पुरवण्याचा प्रयोग तिथल्या काही शहरांत आता कुठे सुरू झाला आहे. अर्धं धोरण किती वर्षं तसंच रेटता येतं, याचा हा नमुना.

यांतल्या कुठल्याही पद्धतीकडे पाहताना मला एक प्रश्न सगळ्यांत उपयोगी वाटतो. इथे विकणारा कोण आहे, आणि त्याचा नफा कशावर चालतो? सेवन करणाऱ्याचं काय करायचं यावर आपण खूप बोलतो, विकणाऱ्याबद्दल त्या मानाने कमी. पण कोणत्या ताकदीचा माल बाजारात येणार आणि तो कुणाच्या गळ्यात मारला जाणार, हे विकणाराच ठरवतो.

आता तात्त्विक भांडण थोडक्यात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलेलं सूत्र या वादात हमखास येतं. माणसाच्या वागण्यात सरकारने हात घालावा तो इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी. त्याचं स्वतःचं भलं हे त्याला पुरेसं कारण नव्हे. माझ्या शरीराचं मी पाहीन, तुम्ही कोण सांगणारे? मुद्दा बिनतोड वाटतो. पण माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकायचं स्वातंत्र्य नाही, कारण त्या व्यवहारात स्वातंत्र्यच संपतं, असंही मिलनेच लिहून ठेवलं आहे. व्यसन या दोन विधानांच्या मधोमध येतं. पहिला झुरका स्वेच्छेने घेतला असेल; हजारावा तसाच घेतला असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

तरीही सेवन करणारे सगळे व्यसनी होत नाहीत, आणि हे प्रमाण पदार्थागणिक बदलतं. अमेरिकेतल्या १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात एकदा तरी सेवन केलेल्यांपैकी किती जणांना पुढे कधीतरी व्यसन जडलं ते मोजलं होतं. गांजाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ९ टक्के निघालं, दारूच्या १५, कोकेनच्या १७, हेरॉइनच्या २३. यादीत सगळ्यांत वर होती तंबाखू, ३२ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २९.२ कोटी लोकांनी कुठला ना कुठला अमली पदार्थ घेतला. त्यांतले ६.४ कोटी त्यापायी अडचणीत आलेले होते, आणि या अडचणीत आलेल्यांपैकी अकरात जेमतेम एकाला उपचार मिळत होते. वादात सहसा पहिले दोन आकडे फेकले जातात. तिसरा कुणीच काढत नाही.

बंदीच्या विरोधातला एक दमदार युक्तिवाद तात्त्विक नाही, वाहतुकीचा आहे. माल लपवून न्यायचा असेल तर जागा कमी लागली पाहिजे, म्हणून तस्कराला नेहमी जास्त कडक पदार्थ परवडतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. बिअरची पिंपं लपवण्यापेक्षा व्हिस्कीच्या बाटल्या लपवणं सोपं, त्यामुळे बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्यं मिसळायला सरकारच लावत असे. ते अल्कोहोल चोरून, कसंबसं गाळून विकलं गेलं आणि पिणारे आंधळे झाले, मेले. पण त्याच बंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातलं एकूण दारू पिणं बरंच घटलं होतं, हेही खरं. बंदी अजिबात चालत नाही असं म्हणणारे एवढंच वाक्य गिळतात.

त्या दारूबंदीची आणखी एक गंमत सहसा सांगितली जात नाही. अमेरिकी राज्यघटनेतल्या त्या दुरुस्तीने दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं होतं. पिणं गुन्हा नव्हता. म्हणजे पिणाऱ्याला मोकळीक आणि विकणाऱ्याला शिक्षा. आज उदार समजल्या जाणाऱ्या कित्येक धोरणांचा साचा नेमका हाच आहे. पिणाऱ्याला वाचवण्यापुरता तो ठीक आहे. बाजार मात्र तो गुन्हेगारांच्याच हाती ठेवतो.

वाहतुकीचं तेच गणित पुढे अफूला लागू पडलं. अफूपेक्षा हेरॉइन आटोपशीर, आणि हेरॉइनपेक्षा फेंटानिल कितीतरी आटोपशीर. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र असतं आणि त्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. रसायनं आणि एक खोली पुरते. दोनेक मिलिग्रॅमनेही सवय नसलेला माणूस दगावू शकतो. अशी पावडर कुठल्याशा तळघरात अंदाजाने मिसळली जाते, म्हणून एका गोळीत काहीच नसतं आणि दुसरी जीव घेते. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूत फेंटानिल किंवा त्याच्या जातकुळीतली रसायनं होती. मेलेल्यांतल्या अनेकांना आपण काय घेतोय हेच ठाऊक नव्हतं. कायदेशीर, तपासलेला, लेबल लावलेला माल असता तर यांतले किती वाचले असते, हा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

पण याच संकटाची सुरुवात शोधायला गेलं की उलटं उत्तर हाती येतं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आणली. ती अफूच्याच वर्गातली होती आणि पूर्णपणे कायदेशीर होती. तिची सवय लागण्याचा धोका कमी आहे असं कंपनीच्या विक्री प्रतिनिधींनी डॉक्टरांना पटवलं. २००७ मध्ये या दिशाभुलीबद्दल कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोळ्या महाग झाल्या, मिळेनाशा झाल्या, तेव्हा व्यसन जडलेले अनेक जण हेरॉइनकडे वळले आणि तिथून फेंटानिलपर्यंत पोचले. पहिला विक्रेता कोट-टाय घातलेला होता, पुढचा तस्कर. दोघांचाही नफा एकाच गोष्टीवर चालत होता: गिऱ्हाइकाला पुन्हा यावंच लागतं.

मग दारू आणि तंबाखू कायदेशीर का? हा प्रश्न दर वेळी येतोच, आणि यायलाच हवा. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड नट सरकारच्या अमली पदार्थविषयक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. सरकारी वर्गवारी शास्त्राला धरून नाही असं त्यांनी उघडपणे सांगितलं आणि २००९ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वीस पदार्थांना ब्रिटनमधल्या एकूण हानीनुसार शंभरपैकी गुण दिले. दारूला ७२, हेरॉइनला ५५, गांजाला २०. या आकड्यांवरून दारू हेरॉइनपेक्षा वाईट असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण दारूच्या गुणांत समाजावर, घरातल्या माणसांवर होणारी हानीही धरली आहे, आणि ती इतकी मोठी आहे कारण दारू पिणारे इतके जास्त आहेत. ते इतके का आहेत? कारण ती राजरोस मिळते. तेव्हा तोच आकडा दोन्ही बाजूंना वापरता येतो. गांजावर बंदी घालण्यात ढोंग आहे असं एकाने म्हणावं, आणि आणखी एक दारू कशाला तयार करता असं दुसऱ्याने विचारावं. मला दोन्ही मुद्दे पटतात, आणि त्यातून उत्तर निघत नाही हेही दिसतं.

आता पोर्तुगाल. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशात दर शंभरात जवळपास एक जण हेरॉइनच्या विळख्यात होता असा अंदाज होता. जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांपुरता साठा जवळ सापडला तर खटला भरला जात नाही. माणसाला एका तीन जणांच्या समितीसमोर पाठवतात. तिच्यात कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य जाणणारे लोक असतात. समिती दंड करू शकते, उपचाराकडे वळवू शकते किंवा काहीच न करता सोडू शकते. सुयांमधून होणारी एचआयव्हीची नवी लागण त्या वेळी वर्षाला हजाराच्या घरात होती, ती पुढे काही डझनांवर आली. तुरुंगांतली गर्दी घटली. नशा करणाऱ्यांचा महापूर येईल ही भीती खरी ठरली नाही.

जगभरचे लोक पोर्तुगालला जाऊन ‘गुन्हा रद्द केला’ एवढंच टिपून आले. खरं काम दुसरीकडे झालं होतं. मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध, देणारी फिरती वाहनं, सुया बदलून देणारी केंद्रं, व्यसनमुक्तीच्या खाटा, रस्त्यावर फिरून माणसं गाठणारे कार्यकर्ते यांवर सरकारने पैसा ओतला होता. पुढे आर्थिक मंदीत हा पैसा आटला, यंत्रणा विस्कळीत झाली आणि पोर्तोसारख्या शहरांत उघड्यावर टोचून घेणारे पुन्हा दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. कायदा तोच होता.

अमेरिकेच्या ओरेगन राज्याने हाच धडा उलट्या बाजूने गिरवला. २०२० मध्ये ५८ टक्के मतांनी तिथे सगळ्याच पदार्थांचा थोडा साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं गेलं. पोलिसांनी १०० डॉलरची पावती द्यायची, आणि माणसाने आरोग्य तपासणीसाठी हेल्पलाइनला फोन केला तर तीही माफ. फोन करणारे फारच थोडे निघाले. उपचारासाठीचा निधी महिनोन्‌महिने कागदांत अडकला. त्याच सुमारास फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं, त्यामुळे वाढलेल्या मृत्यूंचा दोष कायद्याचा की फेंटानिलचा यावर संशोधकांत अजून एकमत नाही. लोकांनी तेवढी वाट पाहिली नाही. रस्त्यांवरची दृश्यं पुरेशी ठरली आणि सप्टेंबर २०२४ पासून साठा बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालमध्ये समितीसमोर हजर व्हावं लागतं, समोर बसून कुणीतरी विचारतं की बाबा, तुझं काय चाललंय. ओरेगनमध्ये एक पावती हातात पडायची आणि ती खिशात कोंबली की विषय संपायचा.

स्वित्झर्लंडचा मार्ग मला या सगळ्यांत शहाणा वाटतो, म्हणून जरा थांबतो. झुरिकमधल्या एका बागेत पोलीस हस्तक्षेप न करता शेकडो लोकांना टोचून घेऊ देत होते. परिस्थिती इतकी चिघळली की १९९२ मध्ये बाग बंद करावी लागली. १९९४ पासून त्यांनी दवाखान्यांत हेरॉइन द्यायचे प्रयोग सुरू केले. ज्यांच्यावर बाकी उपाय थकले अशा लोकांनाच प्रवेश, दिवसातून दोन-तीनदा यायचं, नर्ससमोर टोचून घ्यायचं, घरी न्यायचं नाही. माल शुद्ध, मात्रा माहीत, सुई नवी. इथे विकणारा कुणीच नाही आणि गिऱ्हाईक वाढवण्यात कुणाचा फायदा नाही. रुग्णांनी केलेले गुन्हे घटले, कारण पुडीसाठी चोरी करायची गरज उरली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये यावर सार्वमत झालं तेव्हा ६८ टक्के मतदारांनी ही योजना कायम केली. गंमत म्हणजे त्याच दिवशी गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्तावही मतदानाला होता, आणि तो त्याच मतदारांनी ६३ टक्के मतांनी फेटाळला. हेरॉइनला हो, गांजाला नाही. वरवर विसंगत वाटतं, पण त्यांच्या लेखी एक उपचार होता आणि दुसरं दुकान.

दुकानाचं काय होतं ते पाहायला अमेरिकेतला गांजा पुरेसा आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने परवानगी दिली, मग एकेक राज्य मागे आलं. अटका कमी झाल्या, आणि हे मोठं यश आहे. गांजासाठी कृष्णवर्णीयांना होणाऱ्या अटका लोकसंख्येच्या मानाने गोऱ्यांच्या तुलनेत साडेतीन पटींहून अधिक होत्या, सेवनाचं प्रमाण जवळपास सारखं असताना. शाळकरी मुलांमधलं सेवन फारसं वाढलेलं दिसलं नाही, ज्याची सगळ्यांत जास्त भीती होती. वाढलं ते भलतीकडेच. १९९२ मध्ये अमेरिकेत रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे सुमारे ९ लाख होते. २०२२ मध्ये ते १ कोटी ७७ लाख झाले, रोज दारू पिणाऱ्यांपेक्षाही जास्त. सगळी वाढ दुकानांमुळे झाली असं म्हणता येणार नाही, कायदे सैल होणं त्याआधीच सुरू झालं होतं. पण दुकानाचा धंदा या रोजच्या गिऱ्हाइकांवरच चालतो. महिन्यातून एकदा ओढणाऱ्यावर कुणाचं भाडंही निघत नाही.

मालही बदलला. १९९०च्या दशकात पकडलेल्या गांजात टीएचसी, म्हणजे कैफ आणणारं रसायन, चारेक टक्के असायचं. आज दुकानातल्या फुलांत १५-२० टक्के सर्रास असतं आणि अर्कांमध्ये ६० ते ९०. रोज इतका तीव्र माल घेणाऱ्यांत मनोविकाराचा, विशेषतः सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका जास्त आढळतो. त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला यावर वाद आहे. म्हणजे तस्कराला कडक माल सोयीचा होता तसाच तो दुकानदारालाही सोयीचा निघाला, कारणं वेगळी. स्पर्धेमुळे भाव कोसळले आणि किमतीच्या टक्क्यांत लावलेला करही भावाबरोबर खाली आला. इलिनॉय राज्याने कराचा दर टीएचसीनुसार ठेवला: ३५ टक्क्यांपर्यंतच्या मालावर १० टक्के, त्यावर २५.

असे बारीकसारीक नियमच खरा फरक पाडतात, आणि वादात त्यांच्यावर कुणी बोलत नाही, कारण ते कंटाळवाणे असतात. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर केला तेव्हा साधी पाकिटं आणि जाहिरातींवर कडक बंधनं ठेवली. तिथे खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं, कोलोरॅडोत १००. लहान मुलाच्या हाती ते पाकीट चुकून लागलं तर या फरकाचा अर्थ कळतो. क्वेबेक प्रांतात दुकानं सरकारी आहेत आणि वयाची अट २१. या सगळ्या बंधनांची किंमतही आहे. कायदेशीर माल महाग आणि नीरस असेल तर गिऱ्हाईक जुन्या ओळखीच्या माणसाकडेच जातं. कॅनडातला काळा बाजार ओसरला, पण हळूहळू, आणि पूर्ण गेला नाही.

एका देशाने नुसतं ठरवून भागत नाही, हेही उरुग्वेला कळलं. १९६१, १९७१ आणि १९८८ चे आंतरराष्ट्रीय करार वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगापलीकडे परवानगी देत नाहीत; उरुग्वे आणि कॅनडा त्यांच्याशी विसंगत वागतात आणि बाकीचे देश त्याकडे दुर्लक्ष करतात. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, २०१७ मध्ये औषधाच्या दुकानांत विक्री सुरू झाली, आणि लगेच बँका त्या दुकानांची खाती बंद करायला निघाल्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गांजाचा पैसा हा गुन्ह्याचा पैसा, आणि डॉलरचा व्यवहार करणाऱ्या बँकेला तो धोका पत्करायचा नव्हता. स्वतःच्या देशात पूर्ण कायदेशीर असलेला दुकानदार परदेशी कायद्यापायी अडला.

मागे फिरणं किती अवघड आहे, हा शेवटचा मुद्दा. ओरेगनला चार वर्षांत कायदा फिरवता आला, कारण त्या कायद्याने दुकानं उघडली नव्हती; ज्याचं नुकसान व्हावं असा कुणी व्यापारी नव्हता. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. विक्रीचं नियमन करणारा कायदा मागून येणार होता, तो संसदेत अडकला, आणि तोवर हजारो दुकानं उभी राहिली, शेतकऱ्यांनी कर्जं काढून लागवड केली. जून २०२५ मध्ये सरकारने डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली तेव्हा रस्त्यावर उतरले ते हे दुकानदार आणि उत्पादक. जर्मनीने त्याआधीच दुसरा क्रम लावला होता. एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला मुभा दिली, जुलैपासून जास्तीत जास्त ५०० सभासदांच्या, नफा न कमावणाऱ्या मंडळांना सभासदांपुरता गांजा पिकवायची परवानगी दिली. दुकानं मात्र अजून उघडू दिलेली नाहीत.